सेव्हन वंडर्स: डाव निम्म्यावर आला की पत्ते जुळत नाहीत, तेव्हा काय करायचं

दुसऱ्या युगाची चौथी चाल. सहा भिडूंपैकी पाच जणांच्या हातात चार-चार पत्ते आणि एकाच्या हातात पाच. "आरं, तुझ्याकडं एक जास्त कसा?" "मला काय म्हाईत, मागनं आले तसे घेतले." मग सगळे आपापले पत्ते पुन्हा मोजतात. कुणी सतरंजी उचलून बघतं, कुणी "जाऊ दे लगा, पुढं चल" म्हणतं. ज्याच्या हातात पाच सापडले तो बिचारा उरलेला डाव चोरासारखा खेळतो.

हा खेळ खेळणाऱ्या आमच्या कोल्हापुरातल्या ग्रुपात ही भानगड इतक्यांदा झाली आहे की तिचा निकालही पाठ झालाय: "कुणीतरी दोन उचलले." जरा विचार केला तर हा निकाल टिकत नाही. दोन उचलले असते तर पत्ता कमी पडला असता. जास्त आहे याचा अर्थ कुणीतरी एका चालीला पत्ता उचललेलाच नाही. आणि ज्याच्या हातात तो जास्तीचा पत्ता सापडतो त्याचा दोष जवळजवळ कधीच नसतो, कारण या खेळात हातातले पत्ते दर चालीला शेजाऱ्याकडे जातात. चूक एकाची असते आणि सापडतो दुसराच.

आंत्वान बोझा यांनी रचलेला, तीन युगांत खेळायचा हा पत्त्यांचा बोर्ड गेम २०१० साली आला आणि २०११ मध्ये जर्मनीतला 'केनरश्पील देस यारेस' (जाणकारांसाठीचा वर्षातला सर्वोत्तम खेळ) हा पुरस्कार मिळवणारा पहिला खेळ ठरला. सात जण बसले तरी डाव अर्ध्या-पाऊण तासात उरकतो, हे त्याचं मोठं कौतुक. उरकतो कारण सगळे एकाच वेळी खेळतात, कुणी कुणाची वाट बघत नाही. आपली अडचणही नेमकी तिथूनच येते. रमीत किंवा मेंढीकोटात एक जण चाल करतो तेव्हा बाकीच्यांचे डोळे त्याच्यावर असतात. इथे सहाही जण स्वतःच्या पत्त्यांत डोकं खुपसून बसलेले असतात आणि चूक होताना बघायला कुणीच मोकळं नसतं.

पुढच्या लिखाणात हातातून हातात फिरणाऱ्या पत्त्यांना मी 'जुडी' म्हणणार आहे. 'हात' म्हटलं की आपल्याकडे किती हात झाले ते मोजायला सुरुवात होते.

आधी सगळं थांबवा

घोळ लक्षात आला की पहिली गोष्ट: कुणीही पत्ता परत देऊ नये, घेऊ नये, पुढे सरकवू नये. सगळ्यांनी आपापली जुडी पालथी समोर ठेवायची. इथेच निम्मे लोक घाई करतात. "घे, एक तुला देतो" म्हणत पत्ता इकडून तिकडे गेला की पुढे काही शोधता येत नाही.

हिशेब सोपा आहे. प्रत्येक युगात सात पत्ते मिळतात. दर चालीला एक ठेवायचा आणि उरलेले पुढे द्यायचे. सहाव्या चालीला हातात दोन असतात, त्यातला एक खेळायचा आणि दुसरा नाणी न घेता टाकून द्यायचा. म्हणजे पत्ता निवडण्याआधी चालीचा आकडा आणि हातातल्या पत्त्यांचा आकडा मिळून आठ झाले पाहिजेत. पहिली चाल, सात पत्ते. चौथी चाल, चार पत्ते. सहावी चाल, दोन. हे 'मिळून आठ' नव्या भिडूंना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

आता सगळ्यांच्या जुड्यांची बेरीज करा. सहा जण आणि चौथी चाल म्हणजे २४ हवेत. बेरीज बरोबर आली, जास्त आली की कमी आली, यावरून पुढचा रस्ता ठरतो.

बेरीज जास्त आली तर

कुणीतरी एका चालीला नुसतीच जुडी पुढे दिली. साधारणपणे तो माणूस दाराची बेल वाजली म्हणून उठलेला असतो, फोनवर असतो, किंवा शेजाऱ्याकडून दगड विकत घ्यायला नाणी मोजत बसलेला असतो. त्याला स्वतःला हे आठवत नाही, त्यामुळे "कुणाचा पत्ता राहिला?" असं विचारून उपयोग नसतो. शोधून काढावं लागतं, आणि ते काढता येतं.

पहिल्या आणि तिसऱ्या युगात जुडी डावीकडे जाते. म्हणजे जाड जुडी ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे ती उजवीकडून आली. समजा सहा जण गोल बसलेत, पहिल्या युगाची पाचवी चाल आहे आणि खिडकीपाशी बसलेल्याच्या हातात तीनऐवजी चार पत्ते आहेत. ही जुडी मागच्या चालीला त्याच्या उजव्या शेजाऱ्याकडे होती, त्याआधी त्याच्याही उजवीकडच्याकडे, आणि असं मागे जात पहिल्या चालीला उजवीकडून चौथ्या माणसाकडे. संशयित हे चारच. खिडकीवाल्याने ती आत्ता उचलली आहे, आणि त्याच्या डावीकडच्या शेजाऱ्याने तर ती अजून पाहिलेलीही नाही. हे दोघे गणितानेच सुटले. दुसऱ्या युगात जुडी उलटी फिरते, तेव्हा डावीकडे शोधायचं.

मग त्या चौघांच्या समोरचं मोजा. पाचव्या चालीच्या आधी प्रत्येकाने चार पत्ते वापरलेले असणार: काही इमारती म्हणून मांडलेले, काही आश्चर्याचा टप्पा बांधताना त्याच्या पाटीखाली अर्धे सरकवलेले (प्रत्येकाला एका प्राचीन शहराची आणि तिथल्या आश्चर्याची पाटी मिळते), काही ३ नाण्यांना टाकलेले. ज्याचे तीन भरतात तो आपला माणूस. दुसऱ्या-तिसऱ्या युगात आधीच्या युगांचे पत्तेही समोर असतात, म्हणून दर मागच्या युगाचे सहा धरून मोजा, किंवा पत्ते उलटून पाठीवरचा युगाचा आकडा बघा.

तिघे किंवा चौघेच असाल तर जुडी एका युगात पूर्ण फेरी मारून परत येते, तेव्हा उजवी-डावी करून फारसं काही सुटत नाही. अशा वेळी सरळ समोरचे पत्तेच मोजायचे.

माणूस सापडल्यावर शिक्षा नको. त्याची एक चाल बुडालेली आहेच, ती भरून द्यायची. जाड जुडी पालथी धरा, तिसऱ्याच कुणाला त्यातला एक पत्ता न बघता ओढायला सांगा, तो टाकलेल्या पत्त्यांत पालथा जाऊ दे आणि ज्याची चाल बुडाली त्याला ३ नाणी द्या. म्हणजे त्याने त्या चालीला पत्ता विकला असंच झालं. हिशेब तंतोतंत बसतो, जुड्या पुन्हा सारख्या होतात, आणि कुणालाही फुकटचा फायदा होत नाही. हॅलिकार्नाससची पाटी असलेल्याला टाकलेल्यांतून पत्ता उचलायची सोय असते, त्याला एक पर्याय वाढतो, तेवढं चालवून घ्यावं.

बेरीज कमी आली तर

आता खरंच कुणीतरी दोन उचलले असू शकतात, पण मुद्दाम उचललेले मी अजून पाहिलेले नाहीत. चिकटलेले पाहिलेत. आधी मांडीखाली, सतरंजीच्या दुमडीत आणि भडंगाच्या परातीखाली बघा. मग आश्चर्याच्या पाटीखाली दोन एकत्र गेलेत का ते, आणि शेवटी टाकलेल्या पत्त्यांत.

बारीक जुडी ज्याच्याकडे आहे त्याच्यापासून मागे जात वरच्याच रीतीने माणूस सापडतो, फक्त आता ज्याचे एक जास्त भरतात तो शोधायचा. जास्तीचा पत्ता पाटीखाली किंवा टाकलेल्यांत चिकटून गेला असेल तर तो काढून बारीक जुडीत घाला, ती आता कुणाच्याही हातात असो. प्रश्न संपला.

दोन्ही पत्ते उघड मांडून झाले असतील आणि त्यातल्या एखाद्यावरून शेजाऱ्याने लाकूड-माती विकतही घेतली असेल, तर मागे जाऊ नका. मागे गेलं की त्या शेजाऱ्याची इमारत पडते, मग त्याच्या शेजाऱ्याची, आणि रात्रीचे अकरा वाजतात. त्याऐवजी त्या भिडूने येत्या चालीला काही खेळायचं नाही. त्याच्या हातातल्या जुडीतून एक पत्ता न बघता ओढून बारीक जुडीत टाकायचा आणि मग बाकीच्यांनी निवडायला सुरुवात करायची. त्याचे वापरलेले पत्ते बरोबर होतात, दोन्ही जुड्याही बरोबर होतात.

सहाव्या चालीलाच लक्षात आलं तर काहीच करू नका. बारीक जुडीत तेव्हा एकच पत्ता उरतो, नाहीतरी दुसरा टाकूनच द्यायचा असतो. ज्याच्याकडे ती आली त्याला निवड मिळत नाही एवढंच. अपवाद बॅबिलॉनचा: त्या पाटीच्या एका बाजूला सातवा पत्ताही खेळायची सोय आहे. तो टप्पा बांधलेला भिडू नेमका त्या जुडीवर बसला असेल तर तो ओरडणार, आणि त्याचं ओरडणं रास्त आहे. त्याला टाकलेल्यांतून एक पालथा पत्ता ओढून द्या.

बेरीज बरोबर, पण वाटणी चुकलेली

हा प्रकार सगळ्यात जास्त होतो आणि सगळ्यात कमी ओळखला जातो. एकाकडे पाच, त्याच्या शेजाऱ्याकडे तीन. किंवा एकासमोर दोन जुड्या आणि दुसऱ्यासमोर मोकळी सतरंजी.

पाच-तीनचं कारण बहुधा खरेदी-विक्रीत सापडतं. पत्ते उघडले, एकाला शेजाऱ्याकडून काच हवी आहे. तो हातातली जुडी मांडीपाशी ठेवतो, २ नाणी मोजून देतो. तेवढ्यात दुसऱ्या बाजूचा उतावळा शेजारी आपली जुडी त्याच्या मांडीपाशी सरकवून मोकळा. आता तिथे दोन जुड्या आहेत आणि त्यांच्यात दोन बोटांचंही अंतर नाही. एक पत्ता या जुडीतला त्या जुडीत गेला, तर कुणाच्या बापाला कळणार नाही.

त्यात आपल्याकडच्या खरेदीला वेळही जरा जास्तच लागतो. नियम सांगतो की शेजाऱ्याच्या तपकिरी किंवा करड्या पत्त्यावरचा माल प्रत्येकी २ नाण्यांना मिळतो, पिवळं व्यापारी ठाणं बांधलेलं असेल तर त्या बाजूचा कच्चा माल १ नाण्याला. शेजारी नाही म्हणू शकत नाही आणि भावही वाढवू शकत नाही. तरी "एकात दे की रं", "मागच्या डावात मी तुला दिलं हुतं" हे चालूच असतं. लक्ष्मीपुरीच्या बाजाराची सवय बोर्ड गेममध्ये आणू नये असं मी म्हणणार नाही, मजा येते. पण घासाघीस चालू असताना जुडी हलवायची नाही, एवढं तरी पाळा.

समोर दोन जुड्या आणि शेजारी मोकळा, हे जवळजवळ नेहमी दुसऱ्या युगाच्या पहिल्या-दुसऱ्या चालीला होतं. निम्म्यांनी उजवीकडे दिलं, निम्मे पहिल्या युगाच्या सवयीने डावीकडेच देत राहिले. जुड्या अजून वेगळ्या ओळखू येत असतील तर नुसत्या जागेवर नेऊन ठेवा. मिसळल्या असतील तर तेवढेच पत्ते पिसा आणि त्या दोघांत सारखे वाटा. पाच-तीनचा प्रकार त्याच चालीला लक्षात आला तर जाड जुडीतून एक पत्ता न बघता बारीक जुडीत. दोन-तीन चाली उलटून गेल्या असतील तरी तेच करायचं, फक्त त्या वेळी पत्ता ओढणारा माणूस दोघांपैकी कुणी नको.

पहिल्याच चालीला चुकलेलं असेल तर

तर चूक वाटपाची आहे आणि तिचं मूळ मागच्या खेळाच्या रात्री आहे. पत्त्यांवर ३+, ४+, ५+ असे आकडे छापलेले असतात. पाच जण असाल तर ६+ आणि ७+ चे पत्ते काढून ठेवायचे. गेल्या वेळी सातजण खेळले, रात्री उशीर झाला, सगळे पत्ते तसेच डब्यात कोंबले, आणि या वेळी कुणी वेगळे काढलेच नाहीत. मग वाटून झाल्यावर पत्ते उरतात, आणि वाटणारा "उरू देत" म्हणून ते बाजूला ठेवतो.

ते उरू देण्याची गोष्ट नाही. प्रत्येक युगाचे पत्ते बरोबर सात गुणिले भिडू असतात: चौघांना २८, पाच जणांना ३५, सहांना ४२, सातांना ४९. एकही उरत नाही. तिसऱ्या युगात जांभळे संघाचे पत्ते भिडूंपेक्षा दोन जास्त घ्यायचे, पाच जणांना सात, आणि तेही त्याच ३५ मध्ये मोजायचे. संघाच्या पत्त्यांवर भिडूंचा आकडा नसतो, म्हणून ते दरवेळी विसरतात.

पहिल्या युगात हे कळलं तर सरळ नव्याने वाटा, दोन मिनिटांचं काम. दुसऱ्या-तिसऱ्या युगात दोन-तीन चाली होऊन गेल्यावर कळलं आणि सगळ्यांना सात-सात मिळालेले असतील, तर चालू द्या. एखादा रंग थोडा कमी-जास्त होईल, डाव मोडण्याइतकं काही होत नाही.

हे पुन्हा का होतं

वरचे सगळे उपाय घोळ झाल्यानंतरचे. तो होऊच नये यासाठी काय करायचं यावर आमच्यात बरेच प्रयोग झाले. मोबाइलवर तीस सेकंदांचा टायमर लावून बघितला, त्याने उतावळे आणखी उतावळे झाले. चुकणाऱ्याचं एक नाणं कापायचं ठरलं, मग चूक झाली तरी कुणी बोलेना. पोरांना दोघांत एक बसवलं, त्यात चुका कमी झाल्या नाहीत आणि भांडणं वाढली. तसंही पोरं मोठ्यांपेक्षा जास्त चुकतात हा समज मला पटत नाही. रमी खेळून वय झालेले काका-मामा जास्त चुकतात, आणि त्याला कारण आहे.

रमीत मिळालेले पत्ते आपले असतात. ते छातीशी धरायचे, लावायचे, एखादा पत्ता मनात ठरवला तरी तो हातातच ठेवायचा आणि वेळ आली की टाकायचा. या खेळात तीच सवय नडते. काका पत्ता ठरवतात, तो इतर पत्त्यांतच खोचून ठेवतात, "झालं माझं" म्हणतात, आणि सगळे उघडायला लागले की तो शोधतात. कधी दुसराच निघतो, कधी गप्पांच्या नादात अख्खी जुडी, ठरवलेल्या पत्त्यासकट, पुढे जाते. वर जो न उचललेला पत्ता म्हटला त्यातले बरेचसे असे गेलेले असतात.

म्हणून नियम असा: ठरवलेला पत्ता लगेच जुडीतून बाहेर, आपल्या पाटीसमोर पालथा, उभा. उरलेली जुडी ज्याला द्यायची त्या बाजूला, जमिनीवर, आडवी. आपल्यासाठी आलेली जुडी कुणी उभी ठेवणार नाही, सगळ्या जुड्या आडव्याच. त्यामुळे आडवं दिसलं की ते कुणाचंतरी येणं आहे हे समजतं, आणि पाटीसमोरचं उभं आहे ते माझं.

आणि एकच जण बोलणारा हवा. तीन शब्द: ठेवा, उघडा, उचला. 'ठेवा' म्हटल्यावर पत्ता पालथा आणि जुडी आडवी. 'उघडा' म्हटल्यावर सगळ्यांचे पत्ते एकदम सुलटे, मग पैशांचे व्यवहार, मग मांडणी. सगळ्यांची मांडणी झाली की 'उचला'. तोवर आडव्या जुडीला हात लावायचा नाही. कुस्तीच्या मैदानात हलगीच्या ठेक्यावर सगळी गर्दी एका तालात येते, तसं इथे या तीन शब्दांवर यावं लागतं. एकदा ताल बसला की खेळ हळू न होता उलट लवकर संपतो, कारण मोजामोजीचे थांबे जातात.

बोलणारा कोण असावा? आम्ही आधी सगळ्यात जाणकार माणसाला ते काम दिलं होतं. जाणकार माणूस भरभर खेळतो, त्यामुळे 'उचला' लवकर येतो आणि मागे राहणारा मागेच राहतो. आता ते काम सगळ्यात संथ भिडूला देतो. तो स्वतःचं झाल्याशिवाय बोलूच शकत नाही, म्हणजे सगळ्यांचं झालेलं असतंच. शिवाय संथ माणसाला "आवर की" म्हणणं बंद होतं, तो आता अधिकारी असतो.

दिशेचं म्हणाल तर महाद्वार रोडवर मिळणारी छोट्या कोल्हापुरी चपलेची किचेन लागून बसलेल्या दोघांच्या मध्ये ठेवा. चपलेचं टोक दोघांपैकी ज्याच्याकडे, जुडी त्या अंगाने. युग संपलं की लढायांचा हिशेब झाल्याबरोबर चप्पल फिरवायची, नवे पत्ते वाटण्याच्या आधी. शिवाय प्रत्येकाने पहिल्या चालीआधी आपण ज्याला जुडी देणार त्याच्या खांद्याला हात लावायचा. पोरकट वाटतं, पण सहा जणांच्या गोलात एखादा उलट्या खांद्याला हात लावतोच, आणि तो तिथेच सापडतो.

समोरासमोर बसलेल्यांना 'डावीकडे-उजवीकडे' ओरडून सांगू नका. एकाची डावी ती दुसऱ्याची उजवी दिसते. शहरांच्या नावाने सांगा: ऱ्होड्सकडून गीझाकडे, गीझाकडून एफेससकडे. हॅलिकार्नासस कुणाच्या तोंडात बसत नाही, आमच्याकडे त्याचं 'हल्लीकर' झालंय आणि हल्लीकर हुपरीकरांच्या शेजारी शोभून दिसतात. या नावांशी आपला काही संबंध नाही असं वाटत असेल तर टाउन हॉल म्युझियममध्ये जाऊन या. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती तिथे आहे. भूमध्य समुद्राकडची वस्तू पंचगंगेच्या काठी आली ती शेजाऱ्याच्या शेजाऱ्याच्या शेजाऱ्याकडून आली असणार. खेळात मात्र लागून बसलेल्या दोघांशीच व्यापार करता येतो, तिसऱ्याच्या मालाकडे नुसतं बघायचं.

पावसाळा, तेल आणि स्लीव्ह

जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे घरात वाळत घातलेले कपडे चार दिवस ओले राहतात, तिथे पत्त्यांची काय कथा. ओलाव्याने पत्ते वाकतात, वाकलेले एकमेकांत बसतात आणि दोन पत्ते एकासारखे उचलले जातात. त्यात भडंग. तेल-तिखटाच्या बोटांनी धरलेला पत्ता पुढच्या पत्त्याला धरून ठेवतो. डावाच्या मध्ये भडंग खायची असेल तर चमच्याने खा.

प्लास्टिकचे स्लीव्ह, म्हणजे एकेका पत्त्याची पाकिटं, घातले तर चिकटणं थांबतं. या खेळाचे पत्ते ६५ गुणिले १०० मिलिमीटरचे आहेत, नेहमीच्या पत्त्यांपेक्षा मोठे, तेव्हा माप सांगूनच मागवा. पण एक लक्षात ठेवा: नवे स्लीव्ह गुळगुळीत असतात. चिकटण्याने पत्ते कमी पडायचे, आता घसरण्याने जुड्या एकमेकींत जातात. टेबलावर किंवा गुळगुळीत फरशीवर हे जास्त होतं. जाड सुती सतरंजीवर कमी. लाइट गेल्यावर मोबाइलच्या उजेडात खेळायचा हट्ट धरू नका, तपकिरी आणि जांभळा तेव्हा सारखेच दिसतात.

३ नाण्यांना टाकलेले पत्ते

शोधाशोधीत सगळ्यात जास्त अडतं ते इथे. इमारत समोर दिसते, पाटीखालचा पत्ता अर्धा बाहेर दिसतो, पण नाण्यांसाठी टाकलेला पत्ता मधल्या ढिगात गेला की कुणाचा होता ते सांगता येत नाही. म्हणून युग संपेपर्यंत टाकलेला पत्ता आपल्याच पाटीच्या बाजूला पालथा, उभा ठेवायचा. युग संपलं की सगळे गोळा करून मध्ये. हॅलिकार्नासस खेळात असेल आणि त्याला मध्येच टाकलेल्यांतून निवडायचं असेल, तर तेवढ्या वेळेला पत्ते गोळा करून द्या, पण आधी कुणाचे किती होते ते मोठ्याने म्हणून घ्या.

गुण मोजण्याआधी

तीन युगं म्हणजे प्रत्येकाने १८ पत्ते वापरलेले असणार, मांडलेले, पाटीखालचे आणि टाकलेले मिळून. बॅबिलॉनचा सातवा पत्ता आणि हॅलिकार्नाससने टाकलेल्यांतून उचललेले पत्ते एवढेच जास्तीचे चालतात. टाकलेले मध्ये गेले असतील तर प्रत्येकाच्या टाकलेल्यांचा आकडा युगागणिक एका कागदावर लिहिलेला असला की पुरे.

१७ निघाले तर त्याला ३ नाणी द्या, म्हणजे शेवटी १ गुण. वाद घालण्याइतकं त्यात काही नाही. १९ निघाले तर मात्र जपून, विशेषतः त्याच्यासमोर हिरवे पत्ते असतील तर. शास्त्राच्या चिन्हांचे गुण वर्गाने वाढतात आणि तिन्ही चिन्हांच्या प्रत्येक संचाला वर ७ मिळतात. तिन्ही दोन-दोन असतील तर २६ गुण, त्यातलं एक काढलं तर १६. तिन्ही तीन-तीन असतील तर ४८, एक काढलं तर ३६. म्हणजे एका जास्तीच्या हिरव्या पत्त्याने दहा-बारा गुणांचा फरक पडतो, आणि आमच्या डावांत पहिल्या-दुसऱ्याचं अंतर बहुधा त्याहून कमी असतं. तेव्हा कुठला पत्ता काढायचा हे त्याच्यावर सोडू नका, तो ४ गुणांचा निळा काढेल. आणि शेजाऱ्यावरही सोडू नका, तो हिरवाच काढेल. त्याच्या तिसऱ्या युगाच्या इमारती पालथ्या करून पिसायच्या आणि ज्याचे गुण सगळ्यात कमी होणार हे दिसतंय, त्याने एक ओढायचा.